थंड बटर, कोरडे सारण: रविवारच्या ब्रंचसाठी घरी भरलेले क्रोसाँ

ज्या घरात दिवाळीला चिरोटे होतात, त्या घरात क्रोसाँची मूळ कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पातळ पोळ्या लाटायच्या, त्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, तुकडे करून हलक्या हाताने पुन्हा लाटायचे आणि तळताना पदर न् पदर सुटा होतो की नाही ते पाहायचे, हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. क्रोसाँमध्येही पिठाचा एक थर आणि स्निग्धाचा एक थर असेच आलटून पालटून येतात. फरक दोनच आहेत. क्रोसाँच्या पिठात यीस्ट असते, त्यामुळे पीठ स्वतःही फुगते. आणि चिरोट्याच्या साट्यात तुपाला पिठीचा आधार असतो, तर क्रोसाँमध्ये नुसते बटर असते, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे केवळ त्याचा गारवा.

म्हणून या लेखात मी दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त भर देणार आहे: बटरचे तापमान आणि सारणातले पाणी. बाकीच्या चुका सावरता येतात, या दोन सावरता येत नाहीत. मी पहिला घाणा एप्रिलमध्ये, भर दुपारी केला होता. तिसऱ्या घडीपर्यंत बटर पिठात पूर्ण मुरले होते आणि ओव्हनमध्ये जे उरले होते तेही वितळून ट्रेमध्ये साचले. वरून क्रोसाँसारखे दिसणारे ते तुकडे आतून पावासारखे आणि बुडाला तळल्यासारखे झाले. कृतीतले एकही प्रमाण चुकले नव्हते, चुकली होती ती वेळ.

इंदूरकरांना या बाबतीत निसर्गाची साथ आहे. माळव्याच्या रात्री थंड असतात, ही ख्याती ‘शब-ए-मालवा’ या शब्दांत जुन्या काळापासून चालत आली आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि पहाटे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा हाताला बर्फासारखा लागतो. क्रोसाँ शिकण्यासाठी याहून योग्य दिवस नाहीत. मे महिन्यात, जेव्हा दुपारी चाळीस अंश होतात, तेव्हा हीच कृती करायची झाल्यास पहाटे पाचला उठावे, ओट्यावर पाच मिनिटे बर्फाची थाळी ठेवून तो गार करून घ्यावा आणि प्रत्येक लाटणे चार-पाच मिनिटांत आटोपावे. अशक्य नाही, पण शिकण्यासाठी हा काळ नव्हे.

साहित्य

हे प्रमाण आठ नगांचे आहे. घरगुती ओटीजीच्या, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या लहान विजेच्या ओव्हनच्या, एका ट्रेमध्ये तेवढेच नीट मावतात, आणि पहिल्यांदा करताना पिठाचा लहान तुकडा आवरायला सोपा जातो.

मैदा २५० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, थंड दूध ७० मिलिलिटर, थंड पाणी ६५ ते ७० मिलिलिटर आणि पिठात घालायला मऊ बटर २० ग्रॅम. थरांसाठी वेगळे १२५ ग्रॅम बटर, म्हणजे मैद्याच्या बरोबर निम्मे. खाऱ्या क्रोसाँमध्ये साखर कशाला, असा प्रश्न पडेल. ती गोडव्यासाठी नाही, तर रंगासाठी आणि पिठाच्या मऊपणासाठी आहे. ती काढून टाकली तर क्रोसाँ फिकट राहतात. ही सारी प्रमाणे वजनावर घ्यावीत, कारण वाटीने मोजलेला मैदा दर वेळी वेगळा भरतो.

बटर पाकिटातले, मीठ नसलेले घ्यावे. मीठ असलेलेच मिळाले तर पिठातले मीठ ३ ग्रॅमवर आणावे. घरी सायीचे ताक घुसळून काढलेले लोणी चवीला कितीही उत्तम असले तरी या कामाला घेऊ नये, कारण त्यात पाण्याचे प्रमाण जास्त आणि अनिश्चित असते. बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. तेवढे पाणी आपल्याला हवेच असते, कारण ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि तीच वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. मात्र त्याहून जास्त पाणी असले तर लाटतानाच पीठ चिकट होते. बेकरीतल्या खारीसाठी जी खास मार्गारिन वापरतात ती उशिरा वितळते, त्यामुळे काम सोपे होते, पण खाताना तिचा थर टाळूला चिकटून राहतो. घरी एवढे कष्ट घ्यायचे तर बटरच घ्यावे.

वेळेची आखणी

रविवारी अकराला ब्रंच ठेवायचे असेल तर काम शुक्रवारी रात्री सुरू होते. शुक्रवारी रात्री नऊला पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवावे. शनिवारी सकाळी सात ते अकरा या वेळात घड्या घालाव्यात. दुपारी सारण करून पूर्ण गार होऊ द्यावे. संध्याकाळी सातला क्रोसाँ लाटून, भरून, आकार देऊन ट्रे झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. रविवारी सकाळी साडेसहाला ट्रे बाहेर काढला की साडेनवाच्या सुमारास भाजायला घेता येते. एकूण तास पुष्कळ वाटतात, पण प्रत्यक्ष हात लागतो तो जेमतेम दीड तास. बाकी वेळ पीठ विश्रांती घेत असते, आणि ही विश्रांती कधीही कमी करू नये.

पीठ आणि बटरची वडी

मैदा, साखर, मीठ आणि यीस्ट परातीत एकत्र करावे. मीठ आणि यीस्ट एकाच जागी पडू देऊ नये. दूध-पाणी घालून गोळा जमवावा, मग मऊ बटर घालून चार-पाच मिनिटेच मळावे. पावासाठी मळतो तसे हे पीठ अगदी गुळगुळीत होईपर्यंत तिंबायचे नाही, कारण पुढे लाटताना आणि घड्या घालतानाही त्यातला ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारा घटक, ताणला जातो. आधीच फार मळलेले पीठ लाटताना रबरासारखे मागे ओढते. गोळा चपटा चौकोनी करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा.

थरांचे बटर बटर पेपरच्या घडीत ठेवून लाटण्याने ठोकून चौदा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात बसवावे. जाडी साधारण सात मिलिमीटर येते. कागदाची घडी आधीच त्या मापाची घातली तर बटर आपोआप कोपऱ्यांपर्यंत पसरते आणि कडा सरळ येतात.

आता सर्वांत महत्त्वाची पारख. पिठाच्या पोटात जाताना बटर १३ ते १६ अंशांच्या दरम्यान असावे. थर्मामीटर नसेल तर वडी ओट्याच्या कडेवर अर्धी बाहेर काढून धरावी. ती न तुटता वाकली, आणि बोट लावल्यावर बोटाला चकाकी आली नाही, तर ती तयार आहे. वाकताना कट्‌कन तुटली तर आणखी पाच मिनिटे बाहेर ठेवावी. कडक बटर पिठाबरोबर पसरत नाही, आतल्या आत त्याच्या चिपा होतात आणि भाजल्यावर थरांऐवजी मोठी भगदाडे पडतात. बोट तेलकट झाले तर वडी परत फ्रीजमध्ये जावी. थोडक्यात, पीठ आणि बटर यांचा कणखरपणा हाताला सारखाच लागला पाहिजे.

घड्या

पोळपाट या कामाला अपुरा पडतो, म्हणून लाटणे थेट ओट्यावर करावे. पीठ १५ बाय २९ सेंटिमीटरच्या आयतात लाटावे, मध्ये बटरची वडी ठेवावी आणि दोन्ही टोके मध्यभागी आणून सांधा बोटांनी बंद करावा. उघड्या बाजूही चिमटून घ्याव्यात, जेणेकरून बटर कुठूनही डोकावणार नाही.

सांधा आपल्यापासून समोर सरळ जाईल असा चौकोन ठेवून आधी लाटण्याने ठिकठिकाणी दाबावे आणि मगच लाटायला लागावे. दाबल्यामुळे बटर सगळीकडे सारखे सरकते. लांबी ४५ सेंटिमीटर आणि रुंदी १५ झाली की वरचा पिठीमैदा ब्रशने झटकून टाकावा, कारण घडीत अडकलेला कोरडा मैदा थर चिकटू देत नाही. मग पत्राच्या कागदाची करतात तशी तीन पदरांची घडी घालावी. ही पहिली घडी. गुंडाळून चाळीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी, बाहेर काढल्यावर काटकोनात फिरवून पुन्हा तेवढेच लांब लाटावे आणि दुसरी घडी घालावी. तशीच तिसरी. दर घडीला बटरचे थर तिप्पट होतात, म्हणजे तीन घड्यांनंतर सत्तावीस. चौथी घडी घालण्याचा मोह होतो, पण तेव्हा थर इतके पातळ होतात की घरच्या हाताने ते शाबूत राहत नाहीत आणि क्रोसाँऐवजी पाव होतो.

लाटताना पीठ मागे ओढू लागले तर जोर लावू नये. तसेच झाकून दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. कुठे बटर फुटून वर आलेच तर तिथे चिमूटभर मैदा दाबून, पीठ गार करून मगच पुढे जावे. माझ्या सासूबाई चिरोटे लाटताना म्हणत, “लाटण्याला वजन द्यायचं नाही, वेग द्यायचा.” हे वाक्य इथे तंतोतंत लागू पडते.

सारण

क्रोसाँचे सारण कचोरीच्या सारणासारखे असावे, भाजीसारखे नव्हे. पातळ सारणाचे पाणी भाजताना आजूबाजूच्या थरांत शिरते, त्यामुळे आत कच्च्या पिठाचा ओला पट्टा राहतो, आणि वरून रंग आला तरी तो शिजत नाही. कढईत सारण उलथन्याने एका बाजूला सारल्यावर मागे ओलसर डाग उरला नाही, की ते पुरेसे कोरडे झाले असे समजावे. दुसरी अट अशी की भरताना ते फ्रीजमधून काढलेले, गार असावे. कोमट सारण आतून बटर वितळवते.

हिवाळ्यात मला मटाराचे सारण सर्वांत आवडते, कारण त्या दिवसांत मटार गोड आणि कोवळा असतो. दोनशे ग्रॅम मटार मिक्सरमध्ये फक्त भरड फिरवून घ्यावा. दोन चमचे तुपात जिरे, हिंग, ठेचलेली बडीशेप, आले आणि हिरवी मिरची परतावी, मटार घालून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे कोरडा होईपर्यंत परतावा. मग एक मोठा चमचा भाजलेले बेसन, मीठ आणि आमचूर घालावे. लिंबू पिळू नये, कारण ते पुन्हा पाणी आणते. गार झाल्यावर पन्नास ग्रॅम पनीर फडक्यात घट्ट पिळून, कुस्करून मिसळावे. आठ नगांना हे पुरते. मटाराऐवजी ओला हरभराही याच रीतीने चालतो आणि त्याची चव अधिक खमंग लागते.

दुसरे सारण अर्थातच भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या, किसाचे. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जो कीस पानावर मिळतो तो मऊ आणि दुधाळ असतो, आणि खायला तसाच असावा. क्रोसाँसाठी मात्र तो आटवावा लागतो. चार भुट्टे किसून घ्यावेत. एक मोठा चमचा तुपात मोहरी, हिंग आणि मिरची फोडणीला टाकून कीस परतावा, आणि दूध नेहमीपेक्षा खूपच कमी, पाव वाटीच घालावे. पंधरा ते वीस मिनिटांनी तूप कडेने सुटू लागते आणि कीस गोळ्यासारखा जमतो. चवीपुरते मीठ, चिमूटभर साखर आणि जीरावन (इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) घालून तो गार करावा आणि त्यात चाळीस ग्रॅम किसलेले चीज मिसळावे. पावसाळ्यातला देशी भुट्टा मिळाला तर उत्तम. अमेरिकन मक्यात गोडी आणि ओलावा दोन्ही जास्त असतात, म्हणून त्याला साखर घालू नये आणि पाच मिनिटे जास्त परतावा.

चीजबद्दल एक सूचना. पिझ्झावर ताणले जाणारे मोझरेला इथे बहुधा बाहेर ओघळते आणि ट्रेवर जळते. साधे क्यूबमधले प्रोसेस्ड चीज कमी वितळते, आणि नेमका तोच त्याचा फायदा आहे.

अंड्याची भुर्जी किंवा चिकन वापरायचे असेल तर ते कच्च्या पिठात भरू नये. भाजण्याआधी क्रोसाँ काही तास उबेत फुगायला ठेवावे लागतात, आणि अशा पदार्थांना ती ऊब धोक्याची असते. त्यांच्यासाठी क्रोसाँ रिकामे भाजावेत, गार झाल्यावर आडवे कापावेत आणि आयत्या वेळी गरम सारण भरावे. परतलेल्या मशरूमलाही हीच पद्धत जास्त मानवते.

आकार देणे

तिसऱ्या घडीनंतर दुपारभर फ्रीजमध्ये राहिलेले पीठ २६ बाय ४८ सेंटिमीटर, साधारण चार मिलिमीटर जाडीचे लाटावे. धारदार सुरीने साडेदहा सेंटिमीटर पायाचे त्रिकोण एकाआड एक उलटसुलट कापावेत. आठ पूर्ण त्रिकोण निघतात आणि दोन्ही टोकांना अर्धे उरतात. सुरी ओढू नये, वरून खाली दाबावी. ओढल्याने कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि तिथे पापुद्रे सुटत नाहीत.

त्रिकोणाच्या पायापाशी वीस ते पंचवीस ग्रॅम सारण बोटासारख्या लांबट आकारात ठेवावे, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडावी आणि टोकाकडे हलकेच गुंडाळत न्यावे. टोक शेवटी बुडाखाली यायला हवे, नाहीतर भाजताना ते उलगडते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी त्रिकोणाचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. त्याच पिठाचे १३ बाय १२ सेंटिमीटरचे आठ आयत कापून, मध्ये सारणाची पट्टी ठेवून, दोन्ही बाजू एकमेकींवर आणून सांधा खाली करून ठेवला तर सारण फुटून बाहेर येण्याची भीती जवळजवळ राहत नाही. चंद्रकोरीचा आकार येत नाही एवढेच. तसा मूळचा चंद्रकोरीचा पदार्थ व्हिएन्नाचा किप्फेर्ल. ऑस्ट्रियाच्या ऑगस्ट झांग यांनी १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्नी बेकरी काढली आणि तिथून तो फ्रान्समध्ये लोकप्रिय झाला. आजचे बटरचे थर त्याला नंतर फ्रान्समध्ये मिळाले. तेव्हा आकारापेक्षा थरांची काळजी घेणे अधिक योग्य.

फुगवणे आणि भाजणे

रविवारी सकाळी फ्रीजमधून काढलेला ट्रे २४ ते २७ अंशांत अडीच ते तीन तास राहायला हवा. हिवाळ्यात आपले स्वयंपाकघर एवढे उबदार नसते, त्यामुळे ट्रे बंद ओव्हनमध्ये ठेवून खाली कोमट पाण्याचे भांडे ठेवावे आणि तासाभराने पाणी बदलावे. पाणी उकळते नको. २८ अंशांच्या वर बटर सैल पडू लागते आणि तीस ओलांडल्यावर वितळायला लागते. ट्रेवर पिवळसर ओल दिसली तर ऊब जास्त झाली असे समजून भांडे लगेच काढावे.

घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. क्रोसाँ जवळजवळ दुप्पट झालेले असावेत, कापलेल्या कडेला थर वेगवेगळे दिसावेत आणि ट्रे हलकेच हलवला की ते जेलीसारखे थरथरावेत. अपुरे फुगलेले क्रोसाँ भाजताना बटर सोडतात. पुष्कळ जण त्याचा दोष बटरच्या प्रमाणाला देतात, पण बहुतेक वेळा अर्धा तास थांबले असते तर ते टळले असते.

ओव्हन तापवण्याआधी ट्रे बाहेर काढावा. दोन्ही कॉइल लावून ओव्हन २०० अंशांवर वीस मिनिटे तापवावा. वरून फेटलेले अंडे, किंवा अंडे नको असल्यास दूध आणि साय एकजीव करून, मऊ ब्रशने लावावे. कापलेल्या कडांना मात्र लावू नये, त्यामुळे थर चिकटतात. कलौंजी किंवा तीळ भुरभुरावेत. ट्रे मधल्या किंवा खालच्या खणात ठेवून दहा मिनिटे २०० अंशांवर, मग तापमान १८० करून बारा ते पंधरा मिनिटे भाजावे. सारण भरलेल्या नगांना तीन-चार मिनिटे जास्त लागतात. लहान ओटीजीमध्ये वरची कॉइल जवळ असल्यामुळे रंग लवकर येतो. तसे झाले तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकावी, पण वेळ कमी करू नये. रंग सोनेरी नव्हे, चांगला तांबूस तपकिरी यायला हवा, आणि उचलल्यावर क्रोसाँ आकाराच्या मानाने हलका लागायला हवा.

भाजल्यावर ते जाळीवर वीस मिनिटे ठेवावेत. आतली वाफ निघून गेल्याशिवाय थर ठरत नाहीत. सोबत कोथिंबिरीची तिखट चटणी आणि आल्याचा चहा पुरेसा होतो. मटाराच्या क्रोसाँवर थोडे जीरावन भुरभुरले की पोह्यांची सवय असलेल्या जिभेला ते लगेच ओळखीचे वाटतात.

उरलेले डब्यात भरून त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर सहा ते आठ मिनिटे गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये ठेवले तर पापुद्रे नरम पडतात. पुढच्या रविवारसाठी ठेवायचे असतील तर आकार दिल्यावर, फुगवण्याआधीच ट्रेवर वेगवेगळे गोठवावेत आणि घट्ट झाल्यावर पिशवीत भरावेत. आदल्या रात्री ते फ्रीजरमधून काढून खालच्या खणात ठेवले की सकाळी साडेसहाला इतरांसारखेच फुगायला तयार असतात. फक्त त्यांना अर्धा-पाऊण तास जास्त द्यावा.